पथ्याचे दिवस

भिलाईच्या क्वार्टरांत वाढलेल्या आमच्या पिढीला टायफॉइड चांगलाच ठाऊक. आमच्या आया त्याला मुदतीचा ताप म्हणत. क्लोरोमायसेटिनच्या कॅप्सूलनं ताप चार-पाच दिवसांत उतरे, पण मग भूक सपाटून लागे आणि वाटीत काय, तर पेज!

सेक्टर 9 च्या हॉस्पिटलातून घरी सोडताना डॉक्टर बजावत, या तापात आतड्याला व्रण पडतात, ते भरेपर्यंत जड काही द्यायचं नाही. आई ते तंतोतंत पाळी. आधी पेज, मग मुगाच्या पातळ वरणाशी गुरगुट्या भात, आणि पुष्कळ दिवसांनी फुलक्याचा वरचा पापुद्रा, दुधात कुस्करलेला. तो तोंडात विरघळला की आजार संपल्याची खात्री पटे. केस मात्र पुढे कितीतरी दिवस कंगव्यात येत राहत.

इथल्या पोलाद कारखान्याचा सोव्हिएत करार 1955 चा, पहिली झोतभट्टी सुरू झाली 1959 मध्ये. त्या ओढीनं नागपूर-अमरावतीकडची आमची माणसं इथे आली, तेव्हा आज्या, मावश्या गावीच राहिल्या. आजारपणात हाताशी कोण, तर शेजार. पलीकडच्या मल्याळी आंटी कांजी पाठवत. कामाला येणारी छत्तीसगढी बाई गावाकडून तिखूर आणी, म्हणजे आपलं तवकीर. आई ते दुधात आटवी, वर वेलदोड्याची चिमूट. पोटाला थंड, पचायला हलकं.

मोठ्यांचं बरं होणं अधिक कठीण होतं. भट्टीपुढच्या धगीत आठ तास उभं राहायचं, तर अंगात ताकद हवी. टायफॉइडातून उठलेल्या बाबांना फिट सर्टिफिकेट मिळालं तरी त्यांच्या बरोबरीच्या माणसांनी त्यांना बरेच दिवस जड कामाला हात लावू दिला नाही. रोज कुणी ना कुणी त्यांचं काम आपल्याकडे घेई. आज डिस्चार्ज मिळाला की माणूस तिसऱ्या दिवशी कामावर दिसतो. औषधं सुधारली, हे मोठंच सुख. पण शरीर भरून यायला लागणारा वेळ त्या लोकांनी एकमेकांना दिला, ही मला त्यांची खरी श्रीमंती वाटते.

आणि आईचं काय? रात्र-रात्र उशाशी बसून ती निम्मी झाली होती. ते ओळखलं आंटींनी. बाबा शिफ्टला जायला लागले, तसा त्यांनी आठवडाभर आमचा स्वयंपाक आपल्या घरी केला आणि आईला सांगितलं, "अब तुम सोओ, बहन."