कापसाचा बर्फ

उर्वरित महाराष्ट्रात जूनच्या मध्यास शाळांची घंटा वाजते, तेव्हा आमच्या विदर्भातील वर्ग अद्याप कुलूपबंद असतात. वर्धा जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो आणि मृग लागला तरी उन्हाची धग ओसरलेली नसते. म्हणून आमच्या मुलांची सुटी जूनच्या अखेरीपर्यंत लांबते. ऋतूंचा पहिला धडा असा शाळा उघडण्यापूर्वीच मिळतो. वर्गात मात्र तो पुढे चालविला जातोच असे नाही.

देवळी परिसरातील एका बालवर्गाच्या भिंतीवर मी चार ऋतूंचा रंगीत तक्ता पाहिला. वसंतात फुले, उन्हाळ्यात समुद्रकिनारा, मग पानगळ आणि शेवटी मफलर गुंडाळलेला बर्फाचा माणूस. पावसाळा त्यात नव्हताच! ज्या तालुक्याची कपाशी, तूर आणि सोयाबीन पावसाच्या भरवशावर, तेथील बालकांच्या वर्षातून पाऊसच गळालेला. वर ती चिमुकली मुले पावसाला घालवून देणारे इंग्रजी बालगीत हातवारे करून म्हणत होती. आमच्या आज्या पावसाला पैशाचे आमिष दाखवून बोलावीत. तो पैसा खोटा निघे, ही गोष्ट निराळी. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे २००६ साली केंद्र सरकारने विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी विशेष मदत जाहीर केली, त्यांत वर्धा होता. या बालकांचे वडील त्या वेळी स्वतः शाळकरी पोरे असतील. त्यांच्या अंगणात हे गीत म्हणण्यास माझी तरी जीभ रेटणार नाही.

नाताळात गव्हाणीवर आमची मुले बर्फ म्हणून कापूस पसरतात. त्यांचे मला कौतुकच वाटते. पण त्याच दिवसांत शेजारच्या शेतात कापसाची वेचणी चाललेली असते. बाईंनी तो हातात घेऊन एवढेच विचारावे: याची पेरणी कधी झाली? डवरणीच्या वेळी झड किती दिवस लागली होती? बोंड फुटताना आभाळ कोरडे का असावे? मुले घरी जाऊन आजोबांना विचारतील, आणि आजोबांना कितीतरी दिवसांनी कोणी काही विचारले असे होईल.

ही कल्पना माझी नव्हे. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्यात शिक्षण परिषद भरली आणि डॉ. झाकीर हुसेन यांच्या समितीने हस्तव्यवसायाला धरून शिक्षणाची आखणी केली. पुढे सेवाग्रामात मुले टकळीवर सूत काततच शिकली. ते गाव देवळीहून कितीसे दूर आहे?

प्रभू येशूने पश्चिमेकडून चढणाऱ्या ढगाचा दाखला दिला, तेव्हा श्रोत्यांना आभाळ वाचता येते हे त्याने गृहीतच धरले होते. आमच्याकडे मोठा पाऊस पुष्कळदा बंगालच्या उपसागरातील कमी दाबाच्या पट्ट्यामुळे, म्हणजे पूर्वेकडून येतो. धर्मशिक्षणाच्या वर्गात हे सांगितले, तेव्हा एक मुलगी लगेच उठून खिडकीशी गेली.

दुसऱ्या एका मुलाने विचारले, “फादर, गारा कोणत्या ऋतूत पडतात?” पुस्तकातील चार-चार महिन्यांच्या वाटणीत त्याला त्या सापडल्या नव्हत्या. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपिटीने शेतांची कशी माती केली, ते मी सांगू लागलो. तो मध्येच म्हणाला, “आमचा गहू गेला होता. बाबा सांगतात.”