पन्नास हर्ट्झचा माणूस

माणसाने कोणत्या वयात काय शिकावे, याचे वेळापत्रक आपल्याकडे कोणीतरी कायमचे ठरवून ठेवले आहे. पाचव्या वर्षी पाढे, अठराव्या वर्षी स्कूटर, लग्नानंतर गप्प बसणे आणि साठीच्या आत प्राणायाम. सत्तावन्नाव्या वर्षी गिटार ही गोष्ट या वेळापत्रकात कुठेच बसत नाही.

"शिकायचंच होतं तर पेटी शिकायची," सौ. म्हणाल्या, "भजनात तरी उपयोग झाला असता."

मी त्यांना सांगितले, की ब्रिजभूषण काबरांनी हीच गिटार मांडीवर आडवी ठेवून तिच्यावर राग वाजवले. १९६७ च्या 'कॉल ऑफ द व्हॅली'त शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया त्यांच्या जोडीला होते.

"मग तुम्हीपण आडवीच ठेवा," सौ. म्हणाल्या, "माळ्यावर."

आमचे ऊर्जानगर म्हणजे चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्राची वसाहत. पहिला संच १९८३ साली सुरू झाला, आज क्षमता २९२० मेगावॉट आहे. इथे माणसाची उंची त्याच्या क्वार्टरच्या टाइपावरून मोजतात. माझी गुरू दोन गल्ल्या पलीकडच्या लहान क्वार्टरमध्ये राहते आणि नववीत शिकते. तिचे वडील माझ्याच विभागात आहेत. दिवसभर ते मला 'साहेब' म्हणतात आणि संध्याकाळी त्यांच्याच घरात त्यांची कन्या मला विचारते, "काका, तार दाबून राह्यले का कुरवाळून राह्यले?" वडील चहाच्या निमित्ताने आत पळतात.

तार पोलादी असते. पहिल्या आठवड्यात बोटांची टोके सुजतात, महिन्याभरात त्यांना घट्टे पडतात. मग 'एफ' नावाचा कॉर्ड येतो. त्यात तर्जनी पहिल्या पडद्यावर आडवी टाकून सहाही तारा एकदम दाबायच्या असतात. एका बोटाखाली सहा जणांना ठेवणे मला ऑफिसातही कधी जमलेले नाही. शेजारच्यांनी एका रात्री काळजीने विचारले, "पंख्याचं बेअरिंग गेलं का हो?"

त्यात चंद्रपूरचा मे महिना. पारा पंचेचाळीसच्या वर गेला, की उच्चदाबाच्या तारा तापून लोंबतात, हे मला नोकरीच्या पहिल्या वर्षापासून पाठ. गिटारच्या तारांनाही तोच नियम लागू. सकाळी सुरात लावलेली तार दुपारी सैल पडून उतरलेली असते.

सुराचे म्हणाल, तर आयुष्यभर मी तेच सांभाळले. जनित्र मिनिटाला तीन हजार फेरे घेते म्हणून वीज पन्नास हर्ट्झची होते. ३१ डिसेंबर २०१३ ला दक्षिणेची ग्रिड जोडली गेली, तेव्हापासून सबंध देशाची ग्रिड त्या एकाच सुरावर चालते. दहा-वीस हजार मेगावॉटची गोष्ट वेगळी. या सहा तारा काही माझ्या हुकमात येईनात.

परवा मात्र गुरूने मोबाइलवरचे सूर मोजायचे यंत्र लावले आणि चमकून म्हणाली, "काका, तुमचा जी बराबर लागते! न पाहता कसा काय लागते?"

कारण साधे आहे. पन्नास हर्ट्झच्या विजेवर ट्रान्सफॉर्मरचा गाभा सेकंदाला शंभर वेळा थरथरतो, त्याची ती गुणगुण. गिटारच्या जाड तारेवर तिसऱ्या पडद्यावरचा जी अठ्ठ्याण्णवचा. तीस वर्षे स्विचयार्डात मी त्याच सुराच्या शेजारी उभा आहे. पुढल्या वर्षी निवृत्ती, म्हणजे क्वार्टर गेले, 'साहेब' गेले आणि ती गुणगुणही गेली. निरोपाला शाल-श्रीफळ मिळते, स्विचयार्ड कोणी बांधून देत नाही. पण एक सूर बोटात उतरला आहे. तो सामानाबरोबर नेता येईल.

हे मी तिला सांगितले. तिने नीट ऐकून घेतले आणि म्हणाली, "पण एका कॉर्डात गाणं नाही होत नं, काका. सी, एफ, जी, तीन तरी लागते."

निवृत्तीला अकरा महिने आहेत. कॉर्ड दोनच राहिलेत. हिशेबाने भार फार नाही. पण त्यातला एक एफ आहे.