आवळीचं बोर्निओतलं भावंड

प्रिय आत्या,

लहानपणी परसातल्या भुईआवळीला मी गवत म्हटलं, की तू मला खाली बसवायचीस. डहाळी उलटी करून पानांखाली ओळीनं लटकलेली मोहरीएवढी फळं दाखवायचीस आणि म्हणायचीस, "आधी नाव विचार, मग उपट." परवा एका झुडपाबद्दल वाचताना तुझं ते वाक्य सारखं कानात घुमत होतं.

हे झुडूप त्या भुईआवळीचं आणि कार्तिकात आपण जिच्याखाली जेवायला बसतो त्या आवळीचं भावंड. राहतं मात्र बोर्निओ बेटावर. तिथे मलेशियाच्या साबाह राज्यात किनाबालू हा ४,०९५ मीटर उंचीचा पर्वत आहे. त्याच्या अंगाखांद्यावर पाच हजारांहून जास्त प्रकारच्या वनस्पती वाढतात. तिथल्या अभयारण्याजवळच्या लोम्पोयू टेकडीवर हे झुडूप सापडलं. २०१८ साली त्याचं शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झालं आणि त्याला नाव मिळालं, फायलॅन्थस रुफुसचेनी. पहिल्या शब्दाचा अर्थ 'पानावरचं फूल'. तू डहाळी उलटी करून दाखवायचीस, तेच त्या नावात आहे बघ. दुसरा शब्द रुफस चेनी या अमेरिकी शास्त्रज्ञाच्या सन्मानार्थ. वनस्पतींकरवी जमिनीतला धातू काढता येईल, हा विचार त्यांनी फार आधी मांडला होता.

आणि हे झुडूप नेमकं तेच करतं. तिथल्या काही टेकड्यांच्या मातीत निकेल खच्चून भरलंय, आणि पिकाला लागणारं स्फुरद, पालाश अगदी थोडं. एरवी एवढ्या निकेलनं झाड करपून जाईल. हे झुडूप मात्र मुळांनी निकेल ओढून घेतं आणि पानांत साठवतं. एक किलो वाळलेल्या पानांत जवळजवळ २५ ग्रॅमपर्यंत! सोनाराच्या हिशोबानं अडीच तोळे. तुझ्या फडताळातले स्टीलचे डबे गंजत नाहीत, त्यात ज्या निकेलचा हातभार असतो तेच हे. साबाहमध्ये या झुडपांची लागवड करून पाहिली आहे. फांद्या छाटायच्या, वाळवून जाळायच्या आणि राखेतून धातू काढायचा. झुडूप पुन्हा फुटतं.

पण मला भिडलं ते त्याचं नाव ठरण्यामागचं काम. नवी जात म्हणजे नुसतं पूर्वी न पाहिलेलं झाड नव्हे. फुला-फळांसकट फांदी कागदात दाबून वाळवायची, जुन्या संग्रहांतल्या नमुन्यांशी ताडून बघायची. या झुडपाची नर आणि मादी फुलं वेगळी. नर फुलातली मधाची बारीकशी चकती आणि मादी फुलातली अखंड कुक्षिवृंत, या दोन खुणांवरून त्याचा गट ठरला. फुलाच्या घडणीवरून एक इवलासा पतंग त्याचं परागण करत असावा, असाही अंदाज बांधला गेला. शेवटी एक नमुना कायमचा जपून ठेवायचा, म्हणजे पुढे कुणाला शंका आली तर त्याच्याशी पडताळून पाहता येतं.

आत्या, रानात हे झुडूप अतिशय दुर्मिळ आहे, त्या एका टेकडीपुरतंच. नाव नसतं, तर तिथे कुणी कोयता चालवल्यावर कागदोपत्री गेलं असतं ते नुसतं रान. आता तिथे काय जाईल, ते सांगता येतं. हे झुडूप शेतात लावलं गेलं तर टिकेल, अशी आशा वर्णन करणाऱ्यांनीच व्यक्त केली आहे. पण मूळ टेकडी आणि तिथलं बी जपलं तरच. नाव ठेवलं की जबाबदारीही येते, ती अशी.

म्हणून एक मागणं आहे. विहिरीच्या वरच्या दरडीवर ते जाड पानांचं झुडूप आहे ना, ज्याचं नाव तुलाही कधी सांगता आलं नाही? कदाचित ते कुणाला तरी चांगलं ठाऊक असेल. तरी यंदा त्याला फूल आलं की एक डहाळी तोड, वर्तमानपत्राच्या घडीत ठेव, वर पाटा ठेव आणि दोन-तीन दिवसांनी कागद बदल. कडेला तारीख आणि "विहिरीची दरड" एवढं लिही. मी दिवाळीत येईन, तेव्हा घेऊन जाईन आणि जाणकारांना दाखवीन. तोवर गड्याला सांग, ती दरड साफ करू नकोस.

तुझीच,
भाची