बडोद्याच्या राजवाड्यातील शाळा

गेल्या मार्गशीर्षात थोरल्या मुलीच्या बिऱ्हाडी बडोद्यास जाण्याचा योग आला. लक्ष्मीविलास राजवाडा पाहून आलेले लोक दरबारातील व्हेनिसच्या कारागिरांची फरसबंदी आणि रंगीत काचांच्या खिडक्या यांचे वर्णन करितात. आम्ही पडलो मास्तर; आमचे पाऊल रेंगाळले ते आवारातील एका बेताच्या इमारतीपाशी. १९६१ पासून तीत संग्रहालय असून राजा रविवर्म्याची चित्रे पाहण्यास तेथे गर्दी होते. मुळात मात्र ही राजघराण्यातील मुलांची शाळा. वाड्यापासून शाळेपर्यंत मुलांची ने-आण करण्यास चिमुकली आगगाडी होती, असे सांगतात! आमचे कित्येक विद्यार्थी दप्तर डोक्यावर धरून नदी उतरून येत, हे आम्हांस तेथे उगीचच आठवले.

ज्यांच्या कारकिर्दीत, १८९० साली, हा वाडा पुरा झाला, त्या सयाजीराव महाराजांचे बाळपण निराळे. मालेगाव तालुक्यातील कवळाणे गावचा हा गोपाळराव. १८७५ साली महाराणी जमनाबाईंनी दत्तक घेतला, तेव्हा बारा वर्षांच्या या मुलास अक्षरओळखही नव्हती. पुढे इलियट साहेबांच्या देखरेखीखाली त्याने विद्या अक्षरशः कष्टून मिळविली. १८९३ त अमरेली भागात व १९०६ त साऱ्या राज्यात सक्तीचे मोफत शिक्षण सुरू करणारा राजा तो हाच.

पुत्रांस मात्र सारे जन्मतःच लाभले. थोरले फत्तेसिंहराव दोन वर्षांचे होण्यापूर्वीच, १८८५ त, मातृसुखास अंतरले, एवढेच काय ते उणे. धाकटे जयसिंहराव हार्वर्डला शिकले, शिवाजीराव ऑक्सफर्डला. पित्याने खर्चात वा काळजीत कसूर केली असे कोण म्हणेल? तरीही फत्तेसिंहराव १९०८ त पंचविसाव्या वर्षी गेले, शिवाजीराव १९१९ त, जयसिंहराव १९२३ त. कारणांची चर्चा करण्याचा आम्हांस अधिकार नाही. फत्तेसिंहराव वारले तेव्हा त्यांचे चिरंजीव प्रतापसिंहराव तीन महिन्यांचेही नव्हते. पाळण्यातच वारस झालेल्या त्या मुलास गादीसाठी १९३९ पर्यंत वाट पाहावी लागली, आणि दहा वर्षांत, १९४९ साली, राज्यच मुंबई प्रांतात विलीन झाले.

रघुवंश शिकविताना एका बारकाव्याकडे आम्ही मुलांचे लक्ष नेहमी वेधीत असू. बाळ रघू अक्षरे शिकला तो एकटा नव्हे. समवयस्क अमात्यपुत्रांच्या मेळ्यात शिकला. कालिदासाने हे सहज लिहिले नसावे.

रात्री जेवताना नातवास आगगाडीची हकीकत सांगितली. त्याचे डोळे चमकले. मग घास तसाच हातात धरून त्याने विचारले, “आजोबा, त्या वर्गात मुलं किती होती?”

“थोडीच असतील, बाळ.”

“मग आट्यापाट्यांना गडी कसे पुरायचे?”

आम्ही सूनबाईंकडे ताक मागितले.