एका मिलिमीटरचा प्रश्न

दोन-स्ट्रोक इंजिनाला झडपा नसतात, ही गोष्ट आयुष्यभर स्कूटर चालवलेल्या अनेकांना ठाऊक नसते. सिलिंडरच्या भिंतीतच खिडक्या ठेवलेल्या असतात व वरखाली जाणारा पिस्टन त्या उघडतो, झाकतो. खाली उतरताना तो प्रथम धूर जाण्याची खिडकी, म्हणजे एक्झॉस्ट पोर्ट, उघडतो. ताजे मिश्रण आत येण्याची वाट त्यानंतर मोकळी होते. या दोहोंमधील अल्पशा अंतरात इंजिनाचा बराचसा स्वभाव साठवलेला असतो.

आमच्या धर्मग्रामातील एका विधवा मातेमुळे हा विषय आमच्यापुढे आला. "फादर, पोरगा बापाच्या स्कूटरला कानस लावायला निघालाय. तुम्हीच सांगा त्याला." स्कूटर म्हणजे जुनी चेतक. तिचा धनी वर्षानुवर्षे पहाटे त्याच गाडीवरून फुलांच्या टोपल्या वसई स्टेशनवर नेत असे, दादरच्या बाजारासाठी.

मुलाला उपदेश करण्यापूर्वी ते काम नेमके काय असते, हे समजून घेणे आम्हांस अगत्याचे वाटले. चेतकचा बोअर ५७ मिलिमीटर, स्ट्रोकही तेवढाच. पोर्टची वरची कड कानशीने एक मिलिमीटर उंचावली, तर पिस्टन ती खिडकी क्रँकच्या फिरण्यात दोन-अडीच अंश आधी उघडतो आणि तेवढ्याच उशिरा झाकतो. वेगात फिरणाऱ्या इंजिनाला धूर सोडण्यास जास्त अवधी मिळतो व वरच्या वेगात ताकद वाढते. परंतु ती आकाशातून पडत नाही! खिडकी उशिरा झाकल्याने दाब कमी मिळतो, मंद वेगातील ओढ घटते, ताजे मिश्रण न जळताच बाहेर जाते. खिडकी रुंद करावी म्हटले, तर पिस्टनची रिंग तीत फुगून अडकण्याचे भय; कडा गोलसर केल्या नाहीत, तर ते अधिकच.

या विद्येचा मोठा उपासक म्हणजे पूर्व जर्मनीतील वॉल्टर काडेन. एमझेडच्या १२५ सीसी रेसिंग इंजिनातून त्याने १९६१ च्या सुमारास २५ अश्वशक्ती काढली. त्याने केवळ खिडकी वाढवली नाही. एक्झॉस्टची नळी अशी घडवली की धुराची लाट उलटून येई आणि निसटू पाहणारे मिश्रण पुन्हा सिलिंडरात ढकली. त्याचा स्वार अर्न्स्ट डेग्नर १९६१ मध्ये पश्चिमेकडे निसटला, ती रहस्ये सुझुकीला मिळाली आणि पुढच्याच वर्षी ५० सीसीचे जागतिक अजिंक्यपद त्याने सुझुकीवर जिंकले. देशांतराची आणि निष्ठेची ती कथा वेगळ्या लेखाचा विषय आहे. आमच्या तरुणाने मात्र नळीचा विचारच केला नव्हता. सायलेन्सर मूळचाच राहणार होता.

आम्ही त्याला एकच विचारले, "बाळा, ही गाडी तू कुठे पळवणार?" स्टेशनचा रस्ता, त्यावरील खड्डे, मागे आई व भाजीची पिशवी. जिथे ओढ हवी, तिथूनच तो ती काढून घेणार होता. शिवाय कारखान्याच्या नोंदीबाहेर गाडीत बदल करण्यास १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आड येते. तो गप्प राहिला, मग म्हणाला, "फादर, बाबांच्या वेळेसारखी ती चालत नाही हो."

हे खरे दुखणे. गॅरेजवाल्याने सिलिंडर उतरवला, तेव्हा पोर्टच्या कडांवर कार्बनचा जाड थर बसला होता आणि सायलेन्सरही चोंदला होता. लाकडी पट्टीने थर खरवडला, सायलेन्सर तापवून साफ केला. चढावर गाडी आता कुरकुरत नाही.

कानशीची हौस काही फिटलेली नाही. भंगारातून त्याने दुसरा सिलिंडर आणला असून बापाचा सिलिंडर जसाच्या तसा गाडीवर आहे. एक मिलिमीटर की दीड, यावर त्याचे व गॅरेजवाल्याचे अद्याप एकमत झालेले नाही.