खांबांवरची नावं

दोस्तांनो, मे महिन्यातली पनवेलची दुपार तुम्हाला काही नवी सांगायला नको! पंखा गरगर फिरतोय, पण वारा मात्र गरम. खाडीकडून येणारी झुळूकही पडलेली. अंगाला शर्ट चिकटलाय आणि घरात एकच भुणभुण चाललीये, "बाबा, कुठेतरी थंड ठिकाणी जाऊ या ना!" मग कुणी महाबळेश्वर म्हणतं, कुणी माथेरान. पण सकाळी निघून रात्री घरी परत येता येईल, खिशालाही परवडेल आणि आजीपासून धाकट्या भावापर्यंत सगळ्यांना आवडेल, असं एक ठिकाण आपल्यापासून जेमतेम पंचावन्न किलोमीटरवर आहे. ते म्हणजे डोंगरात कोरलेला एक मठ. कार्ल्याची लेणी!

"हॅत्, लेणी? दगड तर बघायचे!" असं म्हणून नाक मुरडू नका हं. या दगडांवर माणसांची नावं आहेत, आणि त्या नावांची गोष्ट मोठी मजेदार आहे. ती सांगतोच, पण आधी घाट तर चढू या.

पनवेलहून लोणावळ्याकडे जाणारी एसटी पकडा. जुन्या रस्त्याने गेलात तर खोपोली मागे पडते आणि बोरघाट सुरू होतो. खिडकीतून हात बाहेर काढू नका, पण नाक जरूर काढा! एकेका वळणासरशी हवा बदलत जाते. पनवेल जवळजवळ समुद्रसपाटीलाच आणि लोणावळा सहाशे मीटरहून जास्त उंच. साधारण एक किलोमीटर वर चढलं की हवा सुमारे साडेसहा अंशांनी थंड होते. म्हणजे वर पोचेपर्यंत चारेक अंशांचा फरक पडतो. शिवाय खाडीकाठचा दमटपणा मागे राहतो, म्हणून घामही लवकर वाळतो. ऊन मात्र वरही कडकच असतं बरं का! टोपी आणि पाण्याची बाटली विसरू नका. लोणावळ्याहून कार्ल्यासाठी पुढे एसटी किंवा रिक्षा मिळते.

हा घाट काही आजचा नाही. १८३० साली इंग्रजांनी इथे गाड्यांसाठी रस्ता बांधला. रेल्वे नव्हती तेव्हा मुंबईहून पुण्याला जाणारे लोक होडीने पनवेलच्या बंदरात उतरत आणि इथून घाटाची वाट धरत. आणि त्याच्याही कितीतरी आधी, दोन हजार वर्षांपूर्वी, कल्याण, चौल, सोपारा या बंदरांमध्ये दूरदेशीची गलबतं लागत. तिथला माल बैलांच्या पाठीवर लादून व्यापाऱ्यांचे तांडे सह्याद्रीतल्या घाटांनी वर चढत. घाट चढून आलेल्या दमलेल्या माणसाला काय हवं असतं सांगा पाहू? सावली, पाणी आणि चार गोड शब्द. नेमक्या अशाच वाटांच्या आसपासच्या डोंगरांत बौद्ध भिक्खूंनी आपले मठ वसवले. कार्ले, भाजे, बेडसे आणि कर्जतजवळचं कोंडाणे ही सगळी त्यातलीच लेणी.

कार्ल्याच्या पायथ्याशी उतरलात की समोर तीनशेच्या वर पायऱ्या. घाबरू नका! दोन्ही बाजूंना नारळ, ओटीचं सामान, लिंबू सरबत, ताक यांची दुकानं आहेत. कारण लेण्याच्या अगदी दारात एकवीरा आईचं देऊळ आहे. आपल्या पनवेल-उरणकडच्या कितीतरी आगरी आणि कोळी घरांची ही कुलदेवता. चैत्रात इथे मोठी जत्रा भरते, पालख्या येतात. लेणी निवांत बघायची असतील तर जत्रेचे दिवस टाळा. आमच्या आजीची वाटणी मात्र ठरलेली असते : "मी आईचं दर्शन घेते, तुम्ही तुमचे दगड बघून या!" आणि गंमत म्हणजे दर्शन झालं की तीच आधी लेण्यात जाऊन बसते. का? आत गारवा असतो म्हणून! डोंगराचा जाड दगड दिवसभर तापतो खरा, पण त्याची ऊब आतपर्यंत पोचायला फार वेळ लागतो. दोन हजार वर्षांपूर्वीच्या कारागिरांनी विजेशिवाय चालणारी थंडगार खोली बनवून ठेवलीय म्हणा ना!

दाराबाहेर डाव्या हाताला एक उंच खांब आहे. माथ्यावर चार सिंह पाठीला पाठ लावून बसलेत. ओसरीत शिरलात की दोन्ही टोकांना भिंतीतून बाहेर आलेले हत्ती दिसतील. आणि मग दारातून आत पाऊल टाकलंत की आपोआप आवाज खाली येतो. समोर सदतीस मीटरहून लांब दालन. दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा नक्षीचे खांब, त्यांच्या माथ्यावर गुडघे टेकून बसलेले हत्ती आणि हत्तींवर बसलेली माणसं. अगदी शेवटी दगडाचा भला मोठा स्तूप. त्याच्यामागे आणखी सात साधे खांब. हे झालं प्रार्थनेचं दालन, म्हणजे चैत्यगृह. आजूबाजूला डोंगरातच भिक्खूंच्या राहण्याच्या खोल्या आहेत, त्यांना विहार म्हणतात. पाण्यासाठी खडकात टाकी खोदलेली आहेत. पावसाचं पाणी साठवायचं आणि उन्हाळाभर पुरवायचं. आज आपण ज्याला जलसंधारण म्हणतो, तेच की हे!

आता मान वर करा. छताला कमानीसारख्या फासळ्या दिसतात ना? त्या लाकडाच्या आहेत, आणि मूळच्या! इतक्या वर्षांचं लाकूड अजून जागेवर आहे. बाकी सगळं मात्र एकाच डोंगराचा दगड. खांब बाहेरून आणून उभे केलेले नाहीत. आधी छत कोरायचं, मग हळूहळू खाली उतरायचं आणि खांबांपुरता दगड तेवढा शिल्लक ठेवायचा, अशी ही पद्धत. एक घाव चुकला तर नवा दगड आणायची सोय नाही. आपल्याला चित्रकलेच्या वहीत निदान खोडरबर तरी असतं!

आता प्रश्न असा की एवढ्या मोठ्या कामाला पैसा कुणी दिला? भिक्खूंकडे तर भिक्षापात्राशिवाय काही नाही. तुम्ही म्हणाल, राजाने दिला असेल. मग चला खांबांजवळ. काही खांबांवर आणि भिंतींवर बारीक अक्षरांच्या ओळी कोरलेल्या आहेत. लिपी ब्राह्मी, भाषा प्राकृत. त्यात देणाऱ्यांची नावं आहेत. वैजयंती गावचा भूतपाल नावाचा एक शेठ म्हणतो की हे शैलगृह, म्हणजे दगडातलं घर, साऱ्या जंबुद्वीपात उत्तम आहे आणि ते मी पुरं केलं. वैजयंती म्हणजे आजच्या कर्नाटकातलं बनवासी. त्याच्यासाठी लेखात शब्द आहे 'सेठि'. आपला शेठ तो हाच! सिंहांचा खांब अग्निमित्रणक नावाच्या एका महारठीने दिला. पण बाकीची यादी वाचा. धेनुकाकट गावचा सामी नावाचा सुतार. त्याच गावचा सिंहदत्त नावाचा अत्तरवाला, त्याने दाराचं दान दिलं. सोपाऱ्याचा एक भाणक, म्हणजे धर्मग्रंथ म्हणून दाखवणारा भिक्खू, त्याचा एक खांब. आणि कितीतरी यवन! यवन म्हणजे ग्रीक किंवा तिकडून आलेले परदेशी लोक. समुद्रापलीकडच्या मुलखातली माणसं आपल्या मावळातल्या डोंगरावर एकेका खांबाचे पैसे देऊन गेली. पुढे उषवदात नावाच्या क्षत्रप राजाच्या जावयाने पावसाळ्यात इथे राहणाऱ्या भिक्खूंसाठी एक गाव दान दिलं, त्याचाही लेख इथेच आहे. पण राजाच्या घरच्या माणसाचं नाव आणि सुताराचं नाव एकाच डोंगरावर! म्हणजे हा मठ कुणा एकाचा नव्हे. गणपतीच्या वर्गणीसारखा, ज्याला जे जमलं ते त्याने दिलं आणि त्यातून हा उभा राहिला.

तुम्हाला ही अक्षरं वाचता येतील का? थोडी तरी नक्की येतील! एक वर्तुळ काढा आणि मध्ये टिंब द्या. झाला ब्राह्मीतला 'थ'. 'थभो' म्हणजे खांब, त्याची सुरुवात याच अक्षराने होते. अधिकाचं चिन्ह काढा, तो 'क'. आडव्या रेघेवर मधोमध एक उभी रेघ काढा, तो 'न'. आता खांबांवर 'दानं' हा शब्द शोधायचा. सापडला की पार्टी द्यायची बाबांनी!

आणि या छोट्याशा शब्दाने फार मोठं काम केलंय. मधल्या शेकडो वर्षांत ब्राह्मी लिपी सगळेच विसरून गेले होते. सम्राट अशोकाचे लेख समोर असून कुणाला वाचता येत नव्हते. १८३७ साली जेम्स प्रिन्सेप नावाचा इंग्रज अधिकारी सांचीच्या स्तूपावरचे लहान लहान लेख तपासत होता. त्याच्या लक्षात आलं की बऱ्याच लेखांचा शेवट त्याच दोन अक्षरांनी होतोय. त्याने विचार केला, देवस्थानात लोक काय लिहितील? अमक्याचं दान! त्या 'दानं'वरून एकेक अक्षर सुटत गेलं आणि अशोकाचे लेखही बोलू लागले. म्हणजे बघा, साध्यासुध्या माणसांनी आपली नावं कोरली नसती, तर सम्राटाचं म्हणणं आपल्याला कळायला आणखी किती वर्षं लागली असती कोण जाणे!

आता जरा डोळे उघडे ठेवून बाकीच्या भिंती बघा. तिथेही नावं आहेत. कुठे बाण घुसलेलं बदाम, कुठे खिळ्याने ओरखडलेली दोन अक्षरं आणि तारीख. तुमच्यातला एखादा शहाणा विचारेल, "त्यांनी कोरलं ते चाललं, मग आम्ही कोरलं तर काय बिघडलं?" प्रश्न चांगला आहे, म्हणून उत्तरही नीट देतो. सुतार सामीने आधी दिलं आणि मग नाव लिहिलं. खिळा घेऊन येणारा काहीच देत नाही, उलट दोन हजार वर्षं टिकलेला दगड थोडा घेऊन जातो. एका खोल ओरखड्यात 'दानं'मधला 'न' गेला, की तो कायमचा गेला. आधीच वाऱ्या-पावसाने काही अक्षरं पुसट झाली आहेत. त्यात आपण हातभार कशाला लावायचा? कायदाही कडक आहे. अशा संरक्षित वास्तूची नासधूस केली तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. पण कायद्याच्या भीतीने नव्हे, तर ते लेणं आपलं आहे म्हणून हात आवरायचा.

तेव्हा येत्या सुट्टीत बेत ठरवाच. पहाटेची एसटी धरा, कारण लेण्याचं तोंड पश्चिमेला आहे आणि सकाळी ऊन डोंगराच्या मागून येतं. पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीट पडत नाही, मोठ्यांना मात्र काढायला लावा. डबा खाली उतरून झाडाखाली उघडा, आत नको. वेळ उरला तर समोरच्या डोंगरातलं भाजेही बघा, ते कार्ल्याहूनही जुनं आहे. दप्तरात एक वही आणि पेन्सिल ठेवा. ब्राह्मीतली अक्षरं वहीत उतरवा आणि घरी येऊन अक्षरतक्त्याशी ताडून बघा. आणि नाव लिहायचा मोह झालाच, तर वहीच्या पहिल्या पानावर लिहा. ब्राह्मीत लिहिलंत तर आणखी मजा!