विक्रीसाठी नाही

माझ्या कपाटातल्या अकरा पुस्तकांवर ‘विक्रीसाठी नाही’ असं छापलंय. अकराही मी विकत घेतली आहेत.

ही सगळी प्रुफं आहेत. कादंबरी बाजारात यायच्या काही महिने आधी प्रकाशक तिच्या थोड्या प्रती स्वस्तात बांधून घेतो आणि समीक्षकांना, पुस्तकविक्रेत्यांना पाठवतो. साधं कागदी कव्हर, बऱ्याचदा चित्रही नाही. आत शेवटचा हात न फिरलेला मजकूर. काम झालं की यातल्या बऱ्याच प्रती रद्दीत जातात, म्हणून उरलेल्यांना भाव. भयकादंबऱ्यांमध्ये स्टीफन किंगच्या प्रुफांमागे तर झुंबड असते. १९७४मध्ये ‘कॅरी’ आली, तेव्हा तो कालपरवापर्यंत शाळेत इंग्रजी शिकवणारा तरुण होता. त्याचं प्रूफ जपून ठेवावं, असं तेव्हा कुणाला वाटणार? आज ते माझ्या पगारात बसत नाही.

हे वेड लागलं नारायण धारपांमुळे. शाळेत असताना वाचनालयातून आणलेली ‘लुचाई’ वाचून मी आठवडाभर आईच्या कुशीत झोपले होते. पुढे कळलं, की ती किंगच्या १९७५च्या ‘सेलम्स लॉट’वर बेतलेली आहे. मग मूळ पुस्तक वाचलं. आणि मग कळलं, की मुळालाही मूळ असतं.

किंगने कादंबरीला आधी ‘सेकंड कमिंग’ असं नाव दिलं होतं. बायकोला ते चावट वाटलं. मग झालं ‘जेरुसलेम्स लॉट’, ते प्रकाशकाला फार धार्मिक वाटलं, म्हणून कापून ‘सेलम्स लॉट’. पहिल्या खर्ड्यात डॉक्टर जिमी कोडीला तळघरात उंदीर खातात. संपादकाला ते झेपलं नाही. छापील पुस्तकात तो सुऱ्यांवर पडून मरतो; उंदीर वाचकांपर्यंत पोचले ते २००५च्या विशेष आवृत्तीत. गंमत म्हणजे पहिल्या आवृत्तीच्या वेष्टनावर फादर कॅलहनऐवजी चुकून ‘फादर कोडी’ छापलं गेलं. किंमतही ८.९५ डॉलरवरून ७.९५वर आणली गेली. जुनी किंमत आणि चुकीचं नाव शाबूत असलेली मोजकी वेष्टनं निसटली. संग्राहक जीव टाकतात ते त्यांच्यावर.

हे मी बाबांना सांगितलं, तर ते दुखावलेच. चौतीस वर्षं त्यांनी पुण्यातल्या एका छापखान्यात मुद्रितशोधन केलं, मराठी आणि इंग्रजी दोन्ही. “चूक राहिली म्हणून किंमत वाढते?” ते म्हणाले. “मग आम्ही काय आयुष्यभर नुकसानच केलं का?”

दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात मी किंगच्या १९८०च्या दशकातल्या एका कादंबरीचं ब्रिटिश प्रूफ मागवलं. सहा महिन्यांची बचत गेली. ऑफिसातून आले, तर बाबा टोकदार पेन्सिल घेऊन बसलेले. चाळीस पानं तपासून झाली होती. समासात काटण्याच्या खुणा, हंसपदं, सगळं अगदी शिस्तीत. मी किंचाळलेच.

“अगं, पण त्याच्यावरच लिहिलंय ना, न तपासलेली प्रत म्हणून!”

दोन दिवस मी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी म्हटलं, “आता वाट लागलीच आहे, तर पूर्ण तरी करा.” त्यांनी बारा दिवसांत पुस्तक संपवलं.

मग एका रविवारी मी खोडरबर घेऊन बसले. पेन्सिलच तर होती. हळुवार पुसली तर निम्मी किंमत तरी परत मिळेल, असा हिशेब होता. पुसता पुसता वाचायला लागले आणि एक सुटलेली चूक दिसली. मग दुसरी. बाबांकडून? तेही ‘द’ दोनदा छापल्यासारखी ढोबळ चूक? मी मोजायला घेतलं. उजवीकडची एकही चूक सुटली नव्हती. सुटलेल्या जवळपास सगळ्या ओळींच्या सुरुवातीला, पानाच्या डाव्या कडेला होत्या.

तेव्हा आठवलं, की हल्ली दाराची चौकट त्यांना सारखी लागते. आम्ही त्यांना वेंधळे म्हणून हसायचो.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी एका यंत्रासमोर बसवलं. ठिपका चमकला की बटण दाबायचं. डावीकडे कितीतरी ठिपके चमकले आणि बाबांचा अंगठा हललाच नाही. काचबिंदू. गेलेली नजर परत येत नाही. थेंब घालून उरलेली राखायची. दुखत नाही, म्हणून कळत नाही. ‘सेलम्स लॉट’मध्ये गाव असंच एकेक घर करून जातं, आणि लोकांच्या लक्षात येईपर्यंत उशीर झालेला असतो. लहानपणी मी रक्तपिपासूंना भ्यायले होते. आता त्या पुस्तकातल्या अंधारलेल्या खिडक्यांची जास्त भीती वाटते.

पुसलेल्या तीन पानांवरच्या खुणा मी पुन्हा काढायचा प्रयत्न केला. त्यांच्यासारखं हंसपद मला जमत नाही.

बाबा आता पानाच्या डाव्या कडेला लाल पट्टी ठेवून वाचतात. पट्टी दिसेपर्यंत मान वळवायची, मग ओळ सुरू करायची. परवा माझं बारावं प्रूफ आलं. त्यांनी लांबूनच विचारलं, “पेन्सिल चालेल का?”

“चालेल,” मी म्हटलं. “फक्त डावीकडचं नीट बघा.”